आधी साठवण, मग गाळण: शिरूर-दौंडच्या पावसाच्या पाण्यासाठी

शिरूर आणि दौंड हे पर्जन्यछायेतले तालुके. वर्षाचा पाऊस जेमतेम ५०० मिलिमीटरच्या आसपास. मृग आणि आर्द्रा कोरडी जातात, पेरण्या खोळंबतात, आणि मग पूर्वा, उत्तरा, हस्तात दोन-चार पाऊस असे कोसळतात की तासाभरात ओढे दुथडी भरतात. ते पाणी पत्र्यावरून, अंगणातून, गोठ्यावरून, बांध फोडून घोडला किंवा भीमेला जातं. खडकवासल्याच्या किंवा चासकमानच्या कालव्याखालच्या गावांचं एक वेळ निभतं. पण कालव्याच्या वरच्या अंगाला असलेल्या वाड्या-वस्त्यांवर फाल्गुन उजाडला की टँकरचा विषय निघतोच.

हे वाहून जाणारं पाणी धरून, वाळूतून गाळून घरात, गोठ्यात, ठिबकला वापरता येतं. कृती अवघड नाही, खर्चही आवाक्यातला आहे. तरीही गावोगाव बसवलेल्या गाळण्या दुसऱ्या पावसाळ्यात बंद पडलेल्या दिसतात. बहुतेक ठिकाणी कारण एकच असतं: पन्हळीचा पाइप थेट वाळूच्या टाकीवर सोडलेला असतो. वाळूचं काम संथपणे चालतं आणि आपला पाऊस येतो धबधब्यासारखा. या दोघांच्या मध्ये साठवण नसेल, तर गाळणी कितीही भारी असो, ती तुंबते किंवा उतू जाते. म्हणून पैसा थोडाच असेल तर तो आधी टाकीवर घाला आणि गाळणी साधी ठेवा.

नदीचीच गाळणी होती

वाळूची गाळणी आपल्याकडे नवी नाही. भीमा आणि घोड यांच्या पात्रांत उन्हाळ्यात झिरे खणून लोक पिण्याचं पाणी भरत. वर धार आटलेली असे, पण हातभर वाळू उकरली की खाली निवळशंख पाणी लागे. त्या वाळूच्या थरातून ते पाणी दिवसचे दिवस सरकत आलेलं असे. पुढे वाळूचा उपसा वाढला. यांत्रिक बोटी पात्रात उतरल्या आणि महसूल खात्याने त्या जिलेटिनने उडवल्याच्या बातम्या दौंड-शिरूरच्या वाचकाला पाठ झाल्या. वाळू गेली तसे झिरेही गेले. त्यात पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी घेऊन येणारी मुळा-मुठा रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळते. त्या संगमाखाली नदीकाठच्या माणसाला दारात नदी असूनही तिचं पाणी तोंडात घ्यायची सोय उरलेली नाही.

अशाच अडचणीत सापडलेल्या एका शहराची हकिकत इथे सांगण्यासारखी आहे. १८९२ मध्ये जर्मनीतल्या हांबुर्ग शहरात कॉलऱ्याने साडेआठ हजारांहून अधिक माणसं गेली. शेजारचं आल्टोना त्याच एल्ब नदीचं पाणी पीत होतं, आणि तेही हांबुर्गच्या खालच्या अंगाला, म्हणजे हांबुर्गची घाण मिसळल्यावर. तरी आल्टोनात साथ फारशी पसरली नाही. हांबुर्ग नदीचं पाणी न गाळता पुरवत होतं, आल्टोना ते वाळूच्या संथ गाळणीतून सोडत होतं. लंडनमध्ये जेम्स सिम्प्सनने १८२९ मध्ये चेल्सीच्या पाणीपुरवठ्यासाठी अशीच गाळणी बांधली होती. आजच्या भीमेच्या पाण्याला मात्र हा उतारा पुरणार नाही, कारण त्यात विरघळलेली रसायनं आहेत आणि ती वाळूला दाद देत नाहीत. छपरावर पडणारं पाणी हे आपल्याकडचं सगळ्यात कमी बिघडलेलं पाणी आहे. सुरुवात तिथूनच करावी.

आकडेमोड आधी, सिमेंट नंतर

एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. हा एवढा हिशेब लक्षात ठेवला तरी पुरे. १०० चौरस मीटरच्या छपरावर वर्षाला ५०० मिलिमीटर पाऊस पडला, उडणं-सांडणं वजा करून ८० टक्के हाती लागला, तर ४०,००० लिटर होतात. आता त्याच छपरावर हस्ताचा एक पाऊस घ्या: तासाभरात ४० मिलिमीटर. म्हणजे ३,२०० लिटर एका तासात.

संथ वाळूच्या गाळणीतून दर तासाला पाणी १० ते २० सेंटिमीटर उतरावं अशी अपेक्षा असते. तीन फूट व्यासाच्या सिमेंटच्या कड्यांची टाकी केली तर तिचं क्षेत्रफळ ०.६६ चौरस मीटर भरतं, आणि तिच्यातून तासाला ६६ ते १३१ लिटर पाणी निघतं. एका तासात पडलेला पाऊस गाळायला एक ते दोन दिवस लागणार, हे इथेच स्पष्ट होतं. मधले दोन दिवस ते पाणी थांबणार कुठे, याचं उत्तर आधी द्यायला हवं.

उत्तर म्हणजे कच्च्या पाण्याची टाकी. पाच हजार लिटरची असली तर एक मोठा पाऊस पोटात घेते. प्लास्टिकच्या तयार टाकीचा खर्च परवडत नसेल तर फेरोसिमेंटचा विचार करावा: तारेच्या जाळीवर सिमेंटचा पातळ थर चढवून केलेली टाकी. शिरूर तालुक्यातल्याच पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये सुरू केलेल्या विज्ञान आश्रमात हे तंत्र शिकवलं जातं. मोठी यंत्रं लागत नाहीत, गावातला गवंडी ते उचलू शकतो. आपल्या तालुक्यात हे ज्ञान असताना गावोगाव त्या टाक्या का दिसत नाहीत, हा प्रश्न ग्रामसभेत विचारण्यासारखा आहे. गाळलेल्या पाण्यासाठी दुसरी टाकी वेगळी. कच्चं आणि गाळलेलं एकत्र करू नका, अगदी एका दिवसाच्या सोयीसाठीही नाही.

पहिलं पाणी सोडून द्या

मे महिनाभर पत्र्यावर धूळ, पाला आणि कबुतरांची विष्ठा साठलेली असते. पहिल्या सरीचं पाणी हे सगळं धुऊन आणतं. निदान एक, जमल्यास दोन मिलिमीटर पाऊस वाया घालवायचा, म्हणजे १०० चौरस मीटरच्या छपरामागे १०० ते २०० लिटर. इथेच हिशेब चुकतो. प्लंबर पन्हळीला चार इंची पाइपचा एक मीटरचा उभा तुकडा जोडतो, खाली टोपण बसवतो आणि पहिल्या पाण्याची सोय झाली म्हणून सांगतो. त्या तुकड्यात आठ-नऊ लिटर पाणी मावतं. उरलेली सगळी घाण टाकीत जाते. त्याऐवजी २०० लिटरचं पिंप ठेवा. ते भरलं की पाणी आपोआप वरच्या फाट्याने टाकीकडे वळेल अशी जोडणी करा, आणि पिंपाच्या बुडाशी एक बारीक कॉक ठेवा, म्हणजे पुढच्या पावसापर्यंत ते थेंबाथेंबाने रिकामं होईल. हे पाणी झाडांना चालतं. छप्पर सिमेंटच्या जुन्या ॲस्बेस्टॉस पत्र्याचं असेल तर त्यावरचं पाणी पिण्याच्या वाटेला लावू नये.

अंगणातलं, रस्त्यावरचं, शेतातून वाहून येणारं पाणी निराळं. त्यात माती असते, शेण असतं, ऊस-कांद्याला घातलेलं खत असतं, ट्रॅक्टरच्या ऑइलचे डाग असतात. त्याला आधी निवळू द्यावं लागतं. वाळूचा ०.१ मिलिमीटरचा कण एक मीटर खोल पाण्यात दोन मिनिटांच्या आत तळाला बसतो. पोयट्याचा दहापट लहान कण तीन तास घेतो. काळ्या मातीतल्या चिकणमातीचा कण त्याहून दहापट लहान, आणि तो बसायला बारा-तेरा दिवस लागतात. काळ्या रानातलं पाणी आठवडाभर ठेवलं तरी चहासारखं का राहतं, ते यावरून कळावं. हे पाणी तसंच वाळूवर सोडलं तर चार दिवसांत वरचा थर लिंपून जातो.

आजीची तुरटी इथे उपयोगी पडते. हजार लिटरला २० ते ५० ग्रॅम तुरटी पुरते, पण नेमकी किती ते पाणीच सांगतं. चार पारदर्शक बाटल्यांत तेच गढूळ पाणी घ्या, प्रत्येकीत तुरटीच्या द्रावणाची मात्रा थोडी-थोडी वाढवत न्या, जोरात ढवळा, मग हळू ढवळा आणि अर्धा तास ठेवा. ज्या सगळ्यात कमी मात्रेला गाळाचे पुंजके होऊन खाली बसतात, ती तुमची मात्रा. जास्त तुरटी घातली की पाणी जास्त स्वच्छ होतं हा समज खोटा आहे.

गाळणी भरताना

नदीच्या वाळूच्या मागे लागू नका. ती महाग आहे, बऱ्याचदा चोरीची असते, आणि या कामाला तिची गरजच नाही. जैव-वाळू गाळणीच्या तंत्रात फोडलेल्या दगडाची वाळूच उत्तम मानतात, कारण तिच्यात कुजका पाला आणि सेंद्रिय घाण नसते. आपल्या खडी क्रशरवर काळ्या पाषाणाची क्रश सँड मिळते. तिच्यात दगडाची भुकटी फार असते, हा तिचा एकच दोष, आणि तो धुऊन जातो.

वाळू कोरडी असताना चाळा. ०.७ मिलिमीटरच्या चाळणीतून खाली पडते ती गाळणाची वाळू. त्याहून मोठी पण ६ मिलिमीटरच्या आतली ती मधल्या थराची, आणि ६ ते १२ मिलिमीटरची खडी तळाला. मग धुणं. घमेल्यात वाळू घेऊन वर पाणी ओता, हाताने ढवळा, गढूळ पाणी ओतून द्या. किती वेळा धुवायची? काचेच्या बाटलीत थोडी वाळू आणि पाणी घालून हलवा, ठेवा, आणि तीन-चार अंक मोजा. वाळूचा पृष्ठभाग दिसू लागला पण पाणी किंचित धुरकट असेल, तर वाळू तयार झाली. मुळीच दिसत नसेल तर अजून धुवायची आहे. लख्ख नितळ पाणी येईपर्यंत धुणंही चुकीचं, कारण तेव्हा कामाचे बारीक कण वाहून गेलेले असतात आणि पाणी गाळणीतून भसाभस उतरतं. ही परीक्षा मजुरावर सोपवू नये, घरच्याने स्वतः करावी.

तीन फुटी टाकीत ६० सेंटिमीटर वाळू भरायला साधारण १४ घनफूट, म्हणजे ब्रासचा सातवा हिस्सा लागतो. चाळण्या-धुण्यातली घट धरून पाव ब्रास आणावी. तळाला भोकं पाडलेला पाइप, त्यावर खडी, त्यावर मधला थर, त्यावर वाळू. टाकीत आधी पाणी भरा आणि वाळू त्या पाण्यात सोडा, म्हणजे थरात हवेचे पोकळ कप्पे राहत नाहीत. पाणी बाहेर नेणारा पाइप तळातून निघून वर चढवायचा आणि त्याचं तोंड वाळूच्या पातळीपेक्षा पाच सेंटिमीटर उंच ठेवायचं. गाळणी बंद असतानाही वाळूवर तेवढं पाणी राहतं.

गाळणीचा सगळा जीव या पाच सेंटिमीटर पाण्यात आहे. वाळूच्या वरच्या दोन-तीन सेंटिमीटरमध्ये दोन ते चार आठवड्यांत सूक्ष्म जीवांचा पातळ, किंचित बुळबुळीत थर तयार होतो. रोगजंतू मारण्याचं मुख्य काम हाच थर करतो, नुसती वाळू ते करू शकत नाही. वाळू कोरडी पडली की थर मरतो. पाण्याची खोली फार वाढली की त्याला प्राणवायू पुरत नाही. म्हणून नवी गाळणी बसवल्यावर पहिला महिनाभर तिचं पाणी धुण्या-भांड्यांना वापरावं, पिण्याला घेऊ नये. पाणी वाळूवर आदळू नये यासाठी वर भोकांचं ताट किंवा सपाट फरशी ठेवा.

धार मंदावली की वरची एक-दोन सेंटिमीटर वाळू उलथण्याने खरवडून काढा, धुऊन वाळवून ठेवा. थर पुन्हा बसायला काही दिवस जातात, तेवढे दिवस पुन्हा जपून वापरा. ठिबकच्या सँड फिल्टरची सवय असलेला शेतकरी इथे हमखास बॅकवॉश मारायला जातो. ठिबकचा फिल्टर दाबाखाली चालतो, तो फक्त कचरा अडवतो, त्याला बॅकवॉश हवाच. संथ गाळणीला बॅकवॉश दिला की महिनाभराची कमाई गटारात जाते.

सुधारित वाळू कुणासाठी

वाळूत काही मिसळून किंवा तिच्यावर लेप चढवून तिच्याकडून जास्त काम करून घेण्याचे प्रयोग जगभर चालू आहेत. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठाच्या सेंट अँथनी फॉल्स प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी वाळूत लोखंडाचा कीस मिसळून पाहिला. लोखंड गंजतं आणि तो गंज पाण्यात विरघळलेलं फॉस्फरस धरून ठेवतो. वजनाने पाच ते आठ टक्के लोखंड पुरतं. फार वाढवलं तर वाळूचे गठ्ठे बांधतात.

हे आपल्या उपयोगाचं आहे ते शेततळ्यासाठी. रानातलं पाणी खत घेऊन शेततळ्यात उतरतं, मग शेवाळ माजतं आणि ठिबकच्या नळ्या तुंबतात. शेततळ्याच्या तोंडाशी गाळ बसण्याचा खड्डा आणि त्यापुढे लोखंडमिश्रित वाळूचा चर घातला तर खतातल्या फॉस्फरसचा बराच भाग तिथे अडतो. रांजणगाव किंवा कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतींच्या आसपास लेथवरचा कीस मिळू शकेल, पण तो यंत्राच्या तेलाने माखलेला असतो. तेल पूर्ण गेल्याशिवाय तो वापरला तर पाण्यात नवी घाण जाईल. एक गोष्ट नीट लक्षात घ्या: लोखंडाची वाळू दोन पावसांच्या मध्ये निथळून कोरडी व्हायला हवी, तरच गंज नीट धरतो. जिवाणूंचा थर असलेली वाळू मात्र कायम ओली हवी. ही दोन्ही कामं एका टाकीत होत नाहीत. दोन्ही हवी असतील तर टाक्या दोन करा.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेतल्या अभियंत्यांनी मँगनीज ऑक्साइडचा लेप दिलेली वाळू शहरी पावसाच्या पाण्यावर वापरली. काही सेंद्रिय प्रदूषकं तिच्यात मोडतात. ते शहराच्या पाणीपुरवठ्याच्या तोलाचं काम आहे, घरी करून पाहू नये.

घरगुती पातळीवर जमणारी सुधारणा कोळशाची. नारळाच्या करवंटीचा किंवा वेड्या बाभळीचा नीट जळलेला कोळसा बारीक करून, धुऊन, वाळूच्या दोन थरांमध्ये दहा-पंधरा सेंटिमीटर घातला तर वास, रंग आणि काही प्रमाणात औषधांचे अंश तो शोषतो. पण त्याची ताकद संपते आणि संपल्याचं डोळ्यांना दिसत नाही. दर पावसाळ्याआधी तो बदलायचा, नाहीतर घालूच नये. ऑइल किंवा रंग लागलेल्या लाकडाचा कोळसा चालणार नाही.

वाळू काय करत नाही तेही सांगितलं पाहिजे. क्षार, कडकपणा, नायट्रेट यांतलं काहीही वाळूने जात नाही. बोअरच्या जड पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही, सोलर हीटरच्या नळीत खडा बसतो. ते पाणी या गाळणीतून दहादा फिरवलं तरी जडच राहील. पावसाचं पाणी मुळातच मऊ असतं. डाळीला आणि फवारणीचं औषध कालवायला ते राखून ठेवलं तर त्याचं सार्थक होतं. काही तणनाशकं कडक पाण्यात निम्मी निष्प्रभ होतात, हे फवारणी करणाऱ्याला वेगळं सांगायला नको.

विहीर किंवा बोअर पुनर्भरणाची गाळणी यापेक्षा वेगळी असते. तिथे पाणी लवकर उतरायला हवं, म्हणून मोठे दगड, खडी आणि जाड वाळू वापरतात. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची दोन टाक्यांची पद्धत कृषी सहायकाला माहीत असते: पहिल्या टाकीत गाळ बसतो, दुसरीत पाणी गाळलं जातं. बोअरमध्ये छपराचं पाणी सोडा. गोठ्याचं आणि रस्त्याचं कधीही सोडू नका. बेसाल्टच्या भेगांमधून ती घाण शेजाऱ्याच्या बोअरला पोचते आणि मग वर्षानुवर्षं निघत नाही.

पिण्याआधी

संथ गाळणीचं पाणी प्यायचं असेल तर शेवटी क्लोरिन हवंच. ताज्या टीसीएल (ब्लीचिंग) पावडरची मात्रा हजार लिटरला साधारण ५ ग्रॅम. अर्ध्या तासाने ओटी चाचणीत निदान ०.२ मिलिग्रॅम प्रतिलिटर क्लोरिन शिल्लक दिसलं पाहिजे. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला ही चाचणी येते, त्याला घरी बोलवा. उघडं पडलेलं, दमट झालेलं टीसीएल निकामी असतं. टाक्यांच्या झाकणांना आणि वाहत्या तोंडांना बारीक जाळी लावा, नाहीतर साठवलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास वाढतील.

पावसाळ्यात दोनदा तपासणी करून घ्यावी, एकदा गाळणी बसल्यावर महिन्याने आणि एकदा परतीच्या पावसानंतर. एच-टू-एस बाटलीत पाणी घालून ठेवलं आणि ते एक-दोन दिवसांत काळं पडलं, तर पाण्यात विष्ठेची घाण आहे असं समजा आणि गाळणी खरवडण्यापूर्वी कच्ची टाकी धुवा, कारण दोष बहुधा तिथे असतो. नायट्रेट, कडकपणा आणि क्षार यांसाठी एक लिटर पाणी स्वच्छ बाटलीत काठोकाठ भरून भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत द्या. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या वर नको, आणि गढूळपणा १ एनटीयूपर्यंत असावा. जिवाणूंच्या तपासणीची बाटली प्रयोगशाळेकडूनच निर्जंतुक करून घ्यायची, नमुना बर्फात ठेवायचा आणि २४ तासांच्या आत पोचवायचा. बाटलीवर गाव, तारीख, आणि पाणी गाळणीच्या आधीचं की नंतरचं हे लिहायला विसरू नका. दोन्ही नमुने एकदम दिले तरच गाळणी काय काम करते आहे ते कळतं.